चार नळकांडी वाळू

वाळू धुवायची नसती, हे मी तवाच म्हणले व्हते. पण आमच्या वस्तीत माझं कोण ऐकतंय! ही द्रौपदा बोलायला लागली की लोकांना चुलीवर ठेवलेलं दूध आठवतं. ठमाबाईनं एकदा नुसतं म्हणलं, अन सगळ्या बाया घमेली घेऊन घोडनदीला निघाल्या. मी पण निघाले. एकटी मागं राहून काय करू, कपाळ?

शिनोलीच्या अलीकडं, रस्ता सोडून जरा आत, नदीच्या अंगाला आमची वस्ती. पाच-पंचवीस बौद्ध घरं. अठ्ठ्याण्णव साल असंल, आमचा पोरगा राजरत्न नुकता भोसरीला वर्कशॉपात लागला व्हता, त्या साली आमचं विहार उभं राहिलं. भिंती झाल्या, स्लॅब पडला, चौथरा झाला. आत बसणारा तेवढा यायचा राहिला व्हता. अन तो आमच्याच अंगणात व्हता, लिंबाखाली, आमच्या मालकांच्या हातोड्यापुढं.

मालकांचं नाव भागुजी. नाव घ्यायची रीत नव्हती पूर्वी, आता कोण अडवतंय मला. जन्म सगळा खाणीत दगड फोडण्यात गेला त्यांचा. मूर्ती घडवायला त्यांना कुणी शिकवलं न्हाई. लेण्याद्रीला जायचे, वरच्या देवळाची गर्दी सोडून बाजूच्या रिकाम्या लेण्यात जाऊन बसायचे. तिथं काय करता म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "दगड कसा गप बसलाय ते बघतो." आता ह्याला काय म्हणावं! घरात मीठ संपलंय अन हा माणूस दगड गप बसलेला बघतोय.

मग विहिरीच्या कामात एक काळाभोर दगड निघाला. मालकांनी त्याला हात लावला अन बसूनच राहिले. म्हणाले, ह्याच्यात तथागत हायेत. तो दगड घरी आला, अन त्या दिवसापासून माझा नवरा त्या दगडाचा झाला. सहा-सात वर्षं. सकाळी खाणीत, संध्याकाळी अंगणात. पुढं खाण सुटली अन दिवसभर अंगणातच. मी कांदे काढायला जायचे, शेंगा तोडायला जायचे, येताना सरपण आणायचे, अन दारात पाय ठेवला की टिक टिक टिक. कधी कधी त्या आवाजावरच मला झोप लागायची, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात दुपारी डोळा लागला की वाटायचं, कुणीतरी लांब, डोंगराच्या पोटात, दार वाजवतंय. उठून बघावं तर लिंबाची सावली दगडावर हलतीय, अन दगडात कालपेक्षा जरासा जास्त माणूस दिसतोय. आधी गुडघे आले. मग मांडीवर ठेवलेले हात आले. त्या हातांवर मी कुरडया वाळत घातल्यात, ठमाबाईला सांगू नका.

तोंड सगळ्यात शेवटी आलं. अन तोंड आलं तवाच मालकांची छाती गेली. खाणीची धूळ ती, सगळी आत जाऊन बसलेली. मंचरच्या डॉक्टरनं फोटो काढला अन सांगितलं, "हातोडा बंद. आजपासून बंद." मालक म्हणाले, "कानाची एक पाळी राहिलीय डॉक्टर." ती पाळी त्यांनी तोंडाला फडकं बांधून पुरी केली. त्यानंतर छिन्नी धरली की खोकल्याची उबळ यायची, ती बसायचीच न्हाई. म्हणजे समजून घ्या. त्यांच्या हातची ही एकच मूर्ती. दुसरी व्हणार नव्हती. ह्या मूर्तीचं नाक गेलं, बोट गेलं, तर त्या माणसाचं सगळं गेलं, अन ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं. नांगरणीच्या बैलालासुद्धा अंगणातून जोरात जाऊ द्यायचे न्हाईत.

आता मूर्ती चौथऱ्यावर बसवायची कशी? दहा-बारा माणसांना हलायची न्हाई एवढी जड. खाली दगडातच काढलेली खुंटी, मुठीएवढी लांब. चौथऱ्याला तेवढंच भोक. खुंटी भोकात सरळ जायला पायजे, जरा तिरकी गेली तर मोडलीच. वरून साखळीनं सोडावी, तर विहाराचा स्लॅब बुटका अन नवा, त्याला हुक लावायला गवंडी तयार नव्हता. मातीचा उतार करून, खाली लोखंडी पाईप घालून, मूर्ती ढकलत चौथऱ्याच्या वर आणता येत व्हती. पण मग ती वीतभर अधांतरी राहणार. ती शेवटची वीत उतरवायची कशी, ह्याच्यावर सगळी वस्ती अडली.

राजरत्न म्हणाला, "आप्पा, ट्रकचे चार जॅक आणतो. चार कोपऱ्यांना चार माणसं बसवू."

मालक म्हणाले, "चार माणसं म्हणजे चार डोकी राजा. एकाचा हात भरभर फिरणार, एकाचा बिडीसाठी थांबणार. मला असं कायतरी पायजे ज्याला घाई बी न्हाई अन आळस बी न्हाई."

दोन दिवस अंगणात नुसतेच बसून राहिले. मग मी बाजरी पाखडत व्हते, तर म्हणाले, "अगं, त्या फुटक्या डब्यात बाजरी भर जरा." त्या डब्याला खाली बोटाएवढं भोक पडलेलं, तिथं मी चिंधी कोंबलेली. त्यांनी चिंधी काढली. बाजरी यायला लागली. मग त्यांनी डब्यात बाजरीवर माझा वरवंटा ठेवला. बाजरी तशीच येतीय, तेवढ्याच धारेनं. वर पाटा ठेवला. तरी तशीच. मला वाटलं व्हतं, वजन ठेवल्यावर भसाभसा येईल. कुठलं काय! वर मांजर ठेवा नाहीतर म्हैस, बाजरी आपल्या चालीनंच चालली व्हती. अन वरवंटा, पाटा, सगळं कसं हळूहळू खाली बसत चाललेलं, न हलता, न धडपडता. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला. मी पण बघतच राहिले.

"हे पाण्यासारखं नसतंय," मालक म्हणाले. "पाण्यात भार सरळ खाली जातो. दाण्यात तसा जात न्हाई. एक दाणा शेजारच्या दोघांना देतो, ते दोघं त्यांच्या शेजारच्यांना. देत देत तो डब्याच्या अंगाला जातो. भोकापाशी येईस्तोवर थोडाच उरतो."

"म्हणजे आपल्या वस्तीसारखंच," मी म्हणले. "काम सांगितलं की जो तो शेजाऱ्याकडं बोट दाखवतो."

हसले. मग खोकले.

अंगाला भार जातो हे त्यांचं बोलणं खरं निघालं, ते पण पहिल्याच दिवशी. तेलाच्या डब्यात नदीची वाळू भरून त्यावर लाकडी ठोकळा ठेवला अन वर दगड चढवले, तर डब्याचा तळ ठीक, अन कुशी टम्म फुगून टर्रकन उसवल्या. मग राजरत्ननं बोअरचा जाड केसिंग पाईप आणला, त्याचे चार तुकडे पाडले, खाली पत्रा वेल्डिंग केला, बुडाशी एकेक भोक ठेवलं अन त्याला लाकडी बुच बसवलं. अशी चार नळकांडी झाली. मूर्तीखाली दोन वासे, वाशांची चार टोकं चौथऱ्याच्या बाहेर, प्रत्येक टोकाखाली ठोकळा, ठोकळ्याखाली नळकांड्यात वाळू. बुचं काढली की वाळू गळणार, वासे चौथऱ्यातल्या खाचांत उतरणार, अन मूर्ती बसली की वासे ओढून घ्यायचे. घरचं जातं अन दोन पाटे ठेवून चार वेळा करून बघितलं. चारी वेळा जातं असं उतरलं की वरच्या पाटीतला शेंगदाणासुद्धा घरंगळला न्हाई.

भार असताना मालक नळकांड्याला कान लावून बसायचे. मला म्हणाले, तू बी लाव. मी लावला. आधी काहीच न्हाई, थंड लोखंड नुसतं. मग आत कुठंतरी एक बारीक कर्र. मग गप. मग दुसरीकडं कर्र, कर्र. जसं काय लई माणसं, लई लांब, अंधारात एकमेकांच्या हातात काहीतरी देतायत अन कुणी बोलत न्हाई. मी डोळे मिटले. किती वेळ तशी बसले ठावं न्हाई. मालकांचा कान त्या बाजूनं, माझा ह्या बाजूनं. सहा-सात वर्षांत आमी एवढे जवळ बसलो नव्हतो. आता हे सांगायला पायजे असं न्हाई, पण खरं हाय.

असं सगळं जमलं असताना ठमाबाईला बुद्धी सुचली.

ठमाबाई आमच्या शेजारची, विधवा बाई, वस्तीत सगळ्यात थोरली. विहाराचा पाया खणला तवा पहिलं घमेलं तिनं उचललेलं. ती म्हणाली, "गं बायांनो, नदीची वाळू ती. म्हशी बसलेल्या तिच्यात, कुत्री हिंडलेली. अन तिच्यावर तथागत टेकणार?"

मी म्हणले, "आत्याबाई, वाळूवर टेकणार न्हाईत, वाळू गळून जाणार हाय. वाळू धुवायची नसती. कोरडी हाय ती, राहू द्या."

"तुझं आपलं कायतरीच," ती म्हणाली, अन बाया निघाल्या.

पण एक सांगू? ती सकाळ मी विसरले न्हाई. धरणातून आवर्तन सुटलेलं, नदीला घोट्याच्या वर निवळ पाणी. डिंभ्याच्या बाजूचे डोंगर उन्हानं पांढुरके झालेले, आहेत की न्हाईत कळू नये असे. आमी बाया वाकून ओंजळीत वाळू घ्यायचो, पाण्यात बुडवायचो, अन बोटं जरा सैल केली की वाळू आपोआप निघून जायची. गाळ वर धुरासारखा निघायचा अन वाळू खाली चमकायची. पाण्याखाली ती अशी पळायची की हातात धरून ठेवता येईना. अन तीच वर काढून काठावर टाकली की ढिगाचा ढीग उभा, कडा धरून. पोरींनी तिची घरं केली, घरांना दारं केली, अन दारं पडली न्हाईत. कुणीतरी वंदना म्हणायला लागलं, बाकीच्यांनी धरली. पाण्याचा आवाज, बायांचा आवाज, सगळं एकच वाटायला लागलं. मी रागात व्हते हे मी पार विसरून गेले.

चार ढीग केले, चार नळकांड्यांचे. चार घरांच्या स्लॅबवर वाळत टाकले. वैशाखाचं ऊन, दोन दिवसांत लाह्या व्हाव्यात असं.

मूर्ती बसवायचा दिवस पौर्णिमेच्या अलीकडचा. सकाळीच सगळी जमली. राजरत्न अन वस्तीतली पोरं, पहारी घेऊन. उतारावरून मूर्ती सरकत सरकत वर गेली, पाईपांवरून, एकेक वीत. मालक पुढं उलटे चालत, हात वर धरून, जसं काय लहान लेकरू चालायला शिकतंय. वासे आले, नळकांडी लागली, पाईप निघाले. मूर्ती अधांतरी उभी राहिली, चौथऱ्याच्या वर वीतभर, तिच्याखालून पलीकडचं दार दिसत व्हतं.

चार नळकांड्यांवर चौघं. राजरत्न, भगवंत म्हणून मालकांचा खाणीतला सोबती, मी, अन ठमाबाई. ठमाबाईनं हट्टच धरला, माझ्या स्लॅबवरची वाळू हाय, बुच मीच काढणार. मालक मधे, मूर्तीच्या पुढं, गुडघ्यावर. ओळंबा लावलेला. सगळ्यांना गप केलं.

"सोडा," ते म्हणाले, एकदम हळू.

मी बुच काढलं. वाळू आली. बारीक, कोरडी, सोनेरी धार, आवाज किती, तर झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा. खाली पत्र्यावर तिची टेकडी व्हायला लागली. मी वर बघितलं. मूर्ती हलतीय असं दिसतच नव्हतं. पण मूर्तीखालून दिसणारी दाराची फट बारीक व्हत चालली व्हती. बाहेर कावळासुद्धा ओरडंना. खिडकीतून ऊन आलेलं, ते मूर्तीच्या खांद्यावर व्हतं, ते मानेवर आलं, गालावर आलं, अन मला वाटलं, ऊनच वर चढतंय, मूर्ती आहे तिथंच हाय. मग वाटलं, मूर्ती पण आहे तिथंच हाय, आमीच सगळी वर निघालोय, विहारासकट, वस्तीसकट, नदीसकट, हळूहळू वर. पायाखालची भुई उचलल्यासारखी झाली. मला भीती न्हाई वाटली. हे संपू नये असं वाटलं.

"थांबा!"

मालक ओरडले. मी दचकून बुच दाबलं. राजरत्ननं दाबलं, भगवंतनं दाबलं.

ठमाबाईच्या नळकांड्यातली वाळू यायची थांबली व्हती. आधी बुडातली कोरडी तेवढी आली असंल. तिघांच्या बाजू आणखी खाली गेलेल्या, तिचा कोपरा अडून तिथंच. मूर्ती कलली व्हती. जास्त न्हाई, दोन बोटं. पण एवढ्या जड दगडाला दोन बोटं लई झाली. वाशानं कर्र केलं. राजरत्ननं मूर्तीला खांदा लावला. मालकांनी त्याला हातानंच मागं सारलं. "पडायची झाली तर तू थांबवणारेस व्हय? मागं हो."

मालक ठमाबाईच्या नळकांड्यापाशी पालथे झाले. भोकात तार घातली, जरा फिरवली. मूठभर वाळू आली, गोळा होऊन. त्यांनी ती बोटांत दाबली. ती दाबल्या आकाराचीच राहिली.

"ओली हाय," ते म्हणाले. अन त्यांचा चेहरा असा झाला, मी तो सांगू शकत न्हाई. "भार सगळा हिच्यावर आलाय. आत पोकळी झालीय, वर वाळूनं कमान धरलीय. आता जरा टोचलं तर कमान एकदम बसंल. दणका बसंल. खुंटी जाईल. मूर्ती जाईल."

"ओली कशी?" राजरत्न म्हणाला. "चार दिवस ऊन हाय."

सगळ्यांनी ठमाबाईकडं बघितलं. "मांजरं, बाबा," ती म्हणाली. "धुतलेली वाळू, अन मांजरं रात्रीची तिच्यात घाण करत्यात. म्हणून मी मेणकापड टाकलं. चारी बाजूंनी दगड ठेवून. आज सकाळी काढलं. वर कोरडीच दिसली रे."

कापडाखाली घाम धरलेली वाळू! माझ्या डोक्यात जी सणक गेली! माझ्या नवऱ्याची छाती गेली त्या दगडापायी, माझी सहा वर्षं गेली, अन आता मांजरांपायी ते सगळं भुईला मिळणार. मी वय बघितलं न्हाई, नातं बघितलं न्हाई. "आत्याबाई, तुमाला सांगत व्हते धुवू नका! ऐकलं का? अन धुतली तर धुतली, पुन्हा मेणकापड घालून तिला उबवत बसलात! त्यापेक्षा नदीतच ठेवायची व्हती! नदीत निदान पळत तरी व्हती, हातात ठरत नव्हती मेली! इथं बघा कशी भिंत होऊन बसलीय!"

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या बाया माझ्यावर डोळे वटारायला लागल्या. अन मालकांनी भुईवरून मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? खरं तेच म्हणाले. अन म्हणणार."

"नदीत पळत व्हती?"

"पाण्याखाली व्हती तवर पळत व्हती. बाहेर काढली अन कडा धरून उभी. पोरींनी घरं केली तिची."

त्यांनी ती ओली वाळू पुन्हा बोटांत दाबली. डोळे मिटलेले. मला वाटलं, खोकला येतोय आता. आला न्हाई. मग म्हणाले, "कोरडी पळती. पाण्यात बुडाली तरी पळती. अर्धीमुर्धी ओलीच तेवढी एकमेकींना धरून बसती. अगं, पाणी आण."

"आणखी पाणी?" भगवंत म्हणाला. "भागू, भिजलीय म्हणूनच अडलीय ती."

"कमी भिजलीय म्हणून अडलीय. आणा."

बुच घट्ट बसवलं. ठोकळ्याच्या अन पाईपाच्या मधे करंगळीएवढी फट व्हती, तिच्यातून तांब्यानं धार सोडायची व्हती, अगदी सुतासारखी. मालकांनी तांब्या ठमाबाईच्या हातात दिला. मी म्हणले, "अवो, तिचा हात थरथरतोय." ते म्हणाले, "म्हणूनच. तिला आता सगळ्यात जास्त भीती हाय. तीच हळू सोडंल." अन खरं सांगते, म्हातारीनं तांब्या घेतला अन तिचा हात असा थांबला, जसा काय तिचा नव्हताच.

एक तांब्या गेला. दुसरा गेला. मालकांनी पाईपाला कान लावलेला. मी पलीकडून लावला, न सांगता. आत आधी नुसतं झिरपणं. मग ती कर्र कर्र ऐकू येईना झाली. ज्यांच्या हातात हात व्हते ते एकेक सुटत चाललेत असं वाटलं. बुडबुडे आले. मग एक जडसर सुस्कारा, आतल्या आत, अन वासा एक केसभर खाली आला. बाहेर बायांनी आं केलं. मूर्ती तेवढी हलली अन थांबली. कमान पाण्यात बसली व्हती, दणका न देता.

"आता बुच सैल कर," ते मला म्हणाले. "काढू नको. सैल कर."

मी बुच जरा ढिलं केलं. आंबिलीसारखी वाळू बाहेर आली, गढूळ न्हाई, धुतलेली ती, निवळ. माझ्या बोटांवरून वाहिली, गार. कोपरा उतरायला लागला. दोन बोटं, दीड, एक. मालकांचा डोळा ओळंब्यावर, अन एक हात मला दाखवत, थांब, सोड, थांब, सोड. ठमाबाई धार सोडतीय, तिच्या गालावरून पाणी गळतंय ते वेगळंच. ओळंबा सरळ झाला. मग राजरत्ननं, भगवंतनं अन माझ्या नळकांड्यावर बसलेल्या एका पोरानं आपापली बुचं काढली, अन एकीकडं कोरडी वाळू अन एकीकडं ओली, दोन्ही मिळून मूर्ती उतरवायला लागल्या. दाराची फट गेली. खुंटी भोकात शिरली तो आवाज मला आठवतो. तो आवाज म्हणावा असा नव्हताच. मोठं दार कुणीतरी अलगद लावून घ्यावं तेवढाच.

वासे ओढून काढले. साधु, साधु, साधु म्हणून सगळी ओरडली. कुणी रडलं, कुणी ठमाबाईला धरलं. मी पण धरलं तिला, अन म्हणले, "आत्याबाई, मांजरांची सोय बघा आधी." ती रडता रडता मला चापट मारून गेली.

मालक मूर्तीकडं बघतच नव्हते. चौथऱ्याला पाठ टेकून खाली बसले व्हते, ओल्या वाळूत, पाय लांब करून. मी अजून उभीच, ते बुच हातात. एवढ्या लोकांचा चहा टाकायला पायजे, गूळ किती हाय, असा काय काय हिशेब डोक्यात.

"द्रौपदा," ते म्हणाले. घरात कधी 'अगं'च्या पुढं गेले न्हाईत, अन भरल्या विहारात नाव घेतलं. "आता तू पण बस."

"मी कशाला बसू? चहा कोण टाकणार?"

"बस गं. माझा नुसता हात व्हता दगडावर. सहा वर्षं भार सगळा तुझ्यावर व्हता. मला ठावं व्हतं."

राग आला मला, खरंच राग आला. "ठावं व्हतं, तर मग इतकी वर्षं तोंडानं बोलायला काय झालं व्हतं?"

त्यांनी जरा विचार केला. "बोललो असतो," ते म्हणाले, "तर तू भार खाली ठेवला असतास."

मी बसले, लुगडं भिजलं तरी बसले, त्यांच्या शेजारी, चौथऱ्याला टेकून. त्यांनी डोळे मिटले अन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, चारचौघांत, लाज न बाळगता. त्यांचं अंग माझ्यावर यायला लागलं तसा मी एक हात भुईला लावला, नीट सावरून बसले, भार पेलायला. अन भार आलाच न्हाई, त्या दाण्यांतल्यासारखा कुठं बाजूला वाटला गेला कुणास ठावं. पुरतं अंग माझ्यावर टाकून, संथ श्वास घेत झोपले व्हते ते, अन मला कुणी ओढणी टाकावी तेवढंसुद्धा वजन लागंना.